मयत खात्याची हजेरी

परळच्या आमच्या रुग्णालयात ज्या बाईला सगळे लक्ष्मीमावशी म्हणत, तिचं नाव लक्ष्मी नव्हतं. हे मला माझ्या कामामुळे कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी बरेच दिवस म्हणत होते. आता म्हणत नाही.

मावशी पथ्याच्या स्वयंपाकघरात होत्या. बिनमिठाची खिचडी, भाताची पेज, दुधी-पडवळाच्या मऊ भाज्या असलं जेवण रांधायचं आणि ट्रॉलीवर घालून वॉर्डावॉर्डात पोचवायचं, हे त्यांचं काम. ठेंगण्या, सावळ्या, चालताना किंचित डावीकडे झुकणाऱ्या. आवाज मात्र असा, की तळमजल्यावरून हाक मारली तर लिफ्टवाल्याला तिसऱ्या मजल्यावर ऐकू जावी. अहो-जाहो त्यांना माहीतच नव्हतं. विश्वस्त फेरीला आले की त्यांनाही त्या विचारत, "साहेब, तू जेवलास?" आणि विश्वस्त मुकाट्याने हो म्हणत. मला त्या मॅडम म्हणत आणि पुढे तू. "मॅडम, तू खातेस ते चिमणीला पण पुरायचं नाय," हे माझ्या डब्याबद्दलचं त्यांचं कायमचं मत होतं. मी बिनसाखरेचा चहा पिते हे त्यांना शेवटपर्यंत मान्य झालं नाही. त्या न विचारता साखर घालत, मी चिडे, आणि चहा थंड व्हायला नको म्हणून तो तसाच पिऊन टाके.

मी इरावती. गिरगावात राहते. आमच्या घरात तीन पिढ्यांनी कारकुनी केली, मी तीच संगणकावर करते. रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाचं एक खातं असतं. त्या खात्यावर हजेरी लागते, दारं उघडतात, औषधांच्या नोंदी दिसतात, कॅन्टीनचं कार्ड चालतं. ही खाती सांभाळणं माझ्याकडे आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसं येतात, सोडून जातात, या विभागातून त्या विभागात बदलतात, आणि खाती मात्र मागेच रेंगाळतात. आखातात नोकरीला गेलेल्या नर्सच्या खात्यावर तिच्या मैत्रिणी खुशाल काम करत बसलेल्या मी पकडल्या आहेत, आणि त्यांना चांगलं फैलावरही घेतलं आहे.

हे होऊ नये म्हणून रोज सकाळी आमची यंत्रणा जुळवणी करते. एका बाजूला आस्थापना विभागाची निर्देशिका, म्हणजे कामावर कोण कोण आहे त्याची नोंद. दुसऱ्या बाजूला खाती. धोब्याने आणलेले कपडे आपण टाकलेल्या कपड्यांशी ताडून बघावेत, तसंच हे. ज्या खात्याला माणूस सापडला ते जुळलं. ज्या माणसाला खातं नाही त्याला नवीन मिळतं. आणि ज्या खात्याला माणूसच सापडत नाही ते बेवारस. ते आधी गोठवायचं आणि मग काही दिवसांनी पुसून टाकायचं.

आता दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी पटल्या नाहीत, तर खरं कोणाचं धरायचं? हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. आमच्याकडे ठरलं होतं की निर्देशिका खरी, खातं खोटं. माणूस स्वतः समोर येऊन काय म्हणतो, याला या सगळ्यात जागाच नाही. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माणसं खोटं बोलतात, विसरतात, रडतात. नोंदी यातलं काही करत नाहीत, असं मी नव्या लोकांना मोठ्या तोऱ्यात शिकवत असे.

गेल्या दिवाळीनंतर विनीतच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. विनीत आमचा आस्थापना अधिकारी. लालबागचा मुलगा, हुशार, मेहनती, आणि नव्या गोष्टीची भलतीच हौस. तो म्हणाला, आपण आपल्याच निर्देशिकेवर का विसंबून राहायचं? तिच्यातल्या नोंदी आपणच केलेल्या. त्यापेक्षा भविष्य निर्वाह निधीच्या बाहेरच्या नोंदींशी जोडून घेऊ. क्रमांकावरून माणूस ओळखायचा, आणि तिकडे कोणी निवृत्त किंवा मयत दिसला की इकडचं खातं आपोआप बंद. एवढ्यावर थांबेल तर तो विनीत कसला! वाढदिवस, निवृत्ती आणि निधन यांचे संदेशही आपोआप प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या पडद्यावर झळकावेत अशी सोय त्याने करून घेतली.

"विनीत, निधनाचं तरी माणसाच्या हातात राहू दे," मी म्हटलं.

"मॅडम, माणसं विसरतात हो," तो म्हणाला. माझंच वाक्य मला परत मिळालं.

जोडणी सुरू झाली त्या सकाळी मी दारातून आत शिरले आणि पडद्यासमोर गर्दी दिसली. पडद्यावर लक्ष्मीमावशींचा फोटो. डोक्याला स्वयंपाकघरातली जाळीची टोपी, नजर फोटो काढणाऱ्यावर संशय घेतल्यासारखी. खाली लिहिलं होतं, 'आपल्या सहकारी श्रीमती लक्ष्मी वामन गावडे, आहार विभाग, यांचे दुःखद निधन झाले आहे. रुग्णालय परिवारातर्फे भावपूर्ण श्रद्धांजली.' काल संध्याकाळी तर या बाईने माझ्या चहात साखर घातली होती.

तेवढ्यात मागून ट्रॉलीचा खडखडाट आला आणि त्यापाठोपाठ मावशींचा आवाज. कार्ड लागत नाही म्हणून त्या लिफ्टवाल्यावर तोंडसुख घेत होत्या. गर्दीने वाट करून दिली. एकदम हशा पिकला. "मावशी, खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात! आता शंभर कुठे गेली नाहीत!" एका वॉर्डबॉयने तर वाकून नमस्कार केला.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरचं सगळं सावकाश वाचलं. मग ट्रॉलीची दांडी घट्ट धरून स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "मनूने कळवलेलं दिसतं."

मी शेजारीच उभी होते म्हणून मला ऐकू आलं. बाकी कोणाला आलं नाही.

वर जाऊन मी आधी तो संदेश बंद केला, मग विनीतला झापलं, आणि मग खातं उघडून बसले. क्रमांक अगदी बरोबर जुळत होता. त्या क्रमांकाची बाई गणपतीच्या आधी, सिंधुदुर्गातल्या एका गावी वारली होती. मृत्यूची नोंद रीतसर होती. आणि त्याच बाईची आमच्याकडची हजेरी कालपर्यंत लागलेली, तीही अंगठ्याच्या ठशाने. यंत्रणेपुढे मार्ग सरळ होता. बाहेरची नोंद खरी, आतलं खातं खोटं, तेव्हा गोठवा आणि पुसा. हजेरीच्या खात्याशिवाय कोणालाही कामावर ठेवता येत नाही, म्हणजे खातं पुसलं की मावशींची नोकरी गेली. मी तात्पुरता अपवाद केला, कारणाच्या जागी 'चौकशी सुरू' असं लिहिलं आणि दुपारची जेवणं वाटून व्हायची वाट बघत बसले.

स्वयंपाकघराच्या मागे जिन्याखाली कांद्या-बटाट्याची पोती असतात. तिथे मावशी मला घेऊन गेल्या. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

"मॅडम, मी लक्ष्मी नाय. लक्ष्मी माझी थोरली जाऊ. मी दुर्गा."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, ते असं.

गावडे भावांचं बिऱ्हाड भोईवाड्यात एका खोलीत होतं. थोरला वामन आणि त्याची बायको लक्ष्मी, धाकटा रघुवीर आणि त्याची बायको दुर्गा. गिरणी बंद पडली तसा वामन गावी जाऊन बसला. रघुवीर टेम्पो चालवायचा. आमच्या रुग्णालयात पथ्याच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली ती लक्ष्मीला, कायमची. वर्ष-दोन वर्षं तिने केली. मग ती गणपतीला गावी गेली आणि त्याच वेळी सासूला पक्षाघात झाला. थोरली सून म्हणून ती तिथेच राहिली. इथे रजा संपत आली. तेव्हा आमच्या स्वयंपाकघराचे मुकादम अण्णा भोईवाड्यात जाऊन म्हणाले, जागा रिकामी दिसली तर वरून दुसरी बाई भरतील, घरातली कोणीतरी पाठवा.

गिरणगावात हे कोणाला नवीन नव्हतं. गिरणीत एकाच्या तिकिटावर, म्हणजे त्याच्या हजेरीच्या क्रमांकावर, दुसऱ्याने उभं राहायचं, भाऊ गावी गेला तर भावाने, मेव्हणा आजारी पडला तर मेव्हण्याने, ही तिथली जुनी वहिवाट. नोकरी माणसाची नसायची, घराची असायची, आणि घरातलं जे कोणी मोकळं असेल त्याने ती धरून ठेवायची. दुर्गाचे सासरे तर चुलतभावाच्या नावावर गिरणीत लागले आणि त्याच नावाने निवृत्त झाले. तेव्हा थोरल्या जावेचं कार्ड घेऊन धाकटीने कामावर जाणं, यात घरात कोणाला काही चुकीचं वाटलं नाही. सासू बरी झाली की लक्ष्मी येणारच होती. सासू अंथरुणावर पुष्कळ वर्षं जगली.

"पण फोटो? अंगठा?" मी विचारलं.

"पहिल्या कार्डावर तोंड कुठे दिसायचं? मगे नवीन कार्डं केली तेव्हा समोर कोण उभी होती? मीच ना? माझा फोटो काढला. अंगठा पण माझाच घेतला. नाव तिचं होतं ते तसंच राहिलं. कागद मागितले की गावासून तिच्या कार्डाची झेरॉक्स यायची."

म्हणजे क्रमांक लक्ष्मीचा, नाव लक्ष्मीचं, चेहरा आणि अंगठा दुर्गाचा. वीसेक वर्षं आमची जुळवणी रोज सकाळी या खात्यापुढे 'जुळले' असं लिहीत होती, आणि मी त्यावर विश्वास ठेवून चहा पीत होते.

"आणि तुमची मुलगी?" मी विचारलं. आपल्या रुपालीबद्दल मावशी नेहमी बोलत, ती गावी शिक्षिका आहे एवढं मला माहीत होतं.

"मी इथे लागले तेव्हा तिचं अंगावरचं दूध नुकतं सुटलेलं. भोईवाड्याच्या खोलीत तिला कोण बघणार? लक्ष्मी म्हणाली, माझ्याकडे दे. तिचा मनू आणि माझी रुपाली, दोघांना तिनेच वाढवलंन. रुपाली तिला आई म्हणते. मी मुंबईची आई." हे सांगताना मावशींना वाईट वाटलेलं दिसलं नाही. वाटलं असेल ते फार पूर्वी.

मग मनूचा विषय निघाला. मनू म्हणजे लक्ष्मीचा मुलगा, गावीच दुकान चालवतो. आई गेल्यावर त्याने सगळं नीट केलं. दाखला काढला, रेशन, बँक, जिथे जिथे आईचं नाव होतं तिथे कळवलं. तालुक्याच्या सेवा केंद्रातल्या माणसाने तिच्या क्रमांकावर आणखी काय काय आहे ते काढून दाखवलं, त्यात हा निधीही निघाला. यानेही सही ठोकली.

"शहाणा पोर गो. एक कागद बाकी ठेवला नाय," मावशी म्हणाल्या. "फक्त आई मुंबईत अजून कामाला जाते, ते त्याच्या ध्यानात राहिलं नाय."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं, कारण मावशी मान खाली घालून पोत्यावर बसल्या होत्या.

"ती वारली तेव्हा रजा घेऊन मी निघाले, तर इथे अण्णांनी सगळ्यांदेखत विचारलंन, कोण गेलं? जाऊ गेली म्हटलं. बायका जमल्या, नाव काय म्हणाल्या. काय सांगू? लक्ष्मी तर मी इथे उभी. दुर्गा म्हणून सांगितलं. परत आले तर सगळ्या जवळ येऊन दुर्गा कशी होती, दुर्गाला काय झालं विचारायला लागल्या. मी आपली गप. खोट्या नावाने रडायला येत नाय, मॅडम. अजून नाय आलं."

मग त्यांनी विचारलं, "आता मला काढणार?"

रघुवीर जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी गावी, तिच्या संसारात. भोईवाड्याच्या खोलीत यांना बोलायला भिंत. सकाळी उठून कुठे जायचं, हा एकच प्रश्न या बाईला कधी पडला नव्हता, आणि तो आता माझ्यामुळे पडणार होता. मी म्हटलं, बघते.

मी बघते म्हटलं खरं, पण काय बघणार होते? दोन दिवस मी स्वतःवरच चिडलेली होते. एक खातं, एक माणूस, हे मी लोकांना ओरडून सांगत आले. ते चूक नाही. उद्या कोणी दुसऱ्याच्या नावाने औषधाच्या कपाटाशी गेला तर रोग्याच्या जिवावर बेतेल. म्हणून मावशींचं ते क्षम्य आणि त्या नर्सेसचं नाही, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येईना. आणि तरीही यंत्रणा ज्याला बेवारस म्हणत होती त्या खात्याइतकं राखलेलं खातं मी दुसरं पाहिलं नव्हतं. एक बाई त्याला नाव देत होती, दुसरी रोज येऊन हजेरी. दोघी मिळून एक नोकरी, दोघी मिळून दोन मुलं. माझ्या दोन रकान्यांत हे कुठे बसवू? इतकं शिकून मला हे सुचत नव्हतं, याची खरंच लाज वाटली.

लपवणं शक्यच नव्हतं. अपवाद मुदतीचा असतो, ती संपली की खातं आपोआप जातं. शेवटी मी विनीतकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्याने पहिला शब्द उच्चारला तो 'तोतयेगिरी'. मग अण्णांना बोलावणं गेलं. अण्णा आले, खुर्चीवर बसले नाहीत. "मला ठाऊक होतं. मीच आणली तिला. काय करायचं ते माझं करा," म्हणाले.

विनीत रागाने लाल झाला होता. पण मावशी आत आल्या, दाराशी उभ्या राहिल्या, सासऱ्यांच्या गिरणीपासून सगळं पुन्हा सांगू लागल्या, तसा तो गप्प होत गेला. मधेच त्याने विचारलं, "तुमचे सासरे कुठल्या खात्यात होते?"

"साच्यावर," मावशी म्हणाल्या.

साचा म्हणजे माग, हे त्याला सांगावं लागलं नाही. नंतर लिफ्टमध्ये तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझे आजोबा पण दुसऱ्याच्याच तिकिटावर होते, मॅडम. त्यांचं खरं नाव मला ते गेल्यावर कळलं."

म्हणून त्याने पोलीस बोलावले नाहीत. विश्वस्तांनाही गाजावाजा नकोच होता. त्याने जो मार्ग काढला तो असा. लक्ष्मीची सेवा तिच्या मृत्यूच्या दिवशी संपली. नियमाने जे निघेल ते वारसाला, म्हणजे मनूला, कारण वामन आधीच गेला होता. मधल्या महिन्यांचं त्याने कसं निभावलं ते मी विचारलं नाही. आणि स्वयंपाकघराचं निम्मं काम आता ठेकेदाराकडे आहे, त्या ठेकेदाराच्या निर्देशिकेत दुर्गा रघुवीर गावडे ही नवीन बाई दाखल होईल. तिथून तिचं नवं खातं आमच्याकडे उघडेल.

"अनुभव?" मी विचारलं.

"'नाही' असंच लिहावं लागेल."

मी भडकले. अख्खं रुग्णालय ज्या बाईच्या हातची पेज पिऊन बरं झालं, तिला अनुभव नाही? "तिची वर्षं कुठे गेली, विनीत?"

"वर्षं लक्ष्मीची आहेत, मॅडम. माझ्याकडे नोंद तीच आहे," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्यालाही बरं वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी दुर्गाबाई माझ्या टेबलाशी आल्या, नवीन कर्मचारी म्हणून. इस्त्रीची साडी नेसून. मी नाव भरलं, त्यांचा स्वतःचा क्रमांक भरला, फोटो काढला. अंगठ्याची वेळ आली. कांदे सोलून आणि भांडी घासून तो इतका गुळगुळीत झाला होता की यंत्र तो चटकन घेत नसे. त्यांनी पदराला घासून पुन्हा टेकवला. यंत्राने घेतला, आणि माझ्या पडद्यावर लाल पट्टी आली. 'हा ठसा दुसऱ्या खात्यावर आहे. लक्ष्मी वामन गावडे, मयत.' खाली दोन चौकोन. एकात 'एकच व्यक्ती', दुसऱ्यात 'भिन्न व्यक्ती'. पुढे जायचं तर एक निवडावा लागतो.

विनीतने 'भिन्न' दाबायला सांगून ठेवलं होतं. माझं बोट मात्र 'एकच'वर जाऊन थांबलं. ते दाबलं की दोन्ही खाती एक होतात, मागची सगळी वर्षं पुढच्या नावाला येऊन चिकटतात. मी पडदा दुर्गाबाईंकडे वळवला आणि त्यांना समजावून सांगितलं. म्हटलं, हे दाबलं तर तुमची वर्षं तुम्हाला मिळतील. पण मग चौकशी होईल. मनूला मुंबईला बोलावतील, निधीवाले विचारतील, लक्ष्मीने नाव का दिलं, कोणी दिलं, सगळं निघेल. नोकरी राहील का सांगता येत नाही. आणि हे दुसरं दाबलं तर काही होणार नाही. आजपासूनच कामावर. फक्त मागचं काही तुमचं राहणार नाही.

त्यांनी फार विचार केला नाही. "वेगळ्याच दाब," म्हणाल्या.

"नीट विचार करा. आयुष्य गेलंय तुमचं इथे. ते सगळं तिच्या नावावर जाईल."

"मॅडम, तू एकाच बाजूचं बघतेस. माझी वर्षं तिच्या नावावर गेली म्हणतेस. तिची वर्षं माझ्या पोरीवर गेली, ती कुठल्या खात्यात टाकलीस?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ती मेल्यावर तिच्या नावाला कोणी बोल लावायला नको. वेगळ्या दाब."

मी 'भिन्न व्यक्ती' दाबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. जुन्या खात्यावरचा ठसा पुसला गेला, नव्या खात्यावर उमटला. दुर्गा रघुवीर गावडे, हजर.

कार्ड गळ्यात अडकवायची पट्टी द्यायची राहिली म्हणून मी थोड्या वेळाने त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. तिथल्या बायकांना अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. दुर्गाबाई टोपी घालून पातेल्यासमोर उभ्या होत्या. आहारतज्ज्ञ मुलगी, स्पृहा, दारातूनच घाईघाईने म्हणाली, "लक्ष्मीमावशी, बायकांच्या वॉर्डात दोघींचं पथ्य बदललंय."

दुर्गाबाईंनी ढवळायचं थांबवलं. डाव ताटलीत ठेवला आणि हात पुसले.

"लक्ष्मी गेली गो," त्या म्हणाल्या. "माझी थोरली जाऊ. गणपतीच्या आधी गेली. मी दुर्गा."

स्पृहाला काही कळेना. पण भाजी चिरणारी सीमा उठली, कोणाला काही न विचारता जवळ आली आणि तिने दुर्गाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "काय झालं होतं लक्ष्मीबाईंना?" तिने विचारलं.

दुर्गाबाई तिथेच खाली बसल्या आणि हंबरडा फोडून रडू लागल्या. "लक्ष्मी गो, लक्ष्मी माझी," असं मोठमोठ्याने, त्यांच्या त्या खणखणीत आवाजात. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. एकेक करून सगळ्या बायका हातातलं काम टाकून त्यांच्याभोवती बसल्या. अण्णांनी स्वतः पुढे होऊन शेगडी बंद केली.

त्या दिवशी वॉर्डात दुपारची जेवणं उशिरा गेली.